अनोळखी, चार ते पावणेपाच

सोमवार, ३ तारीख

लेक म्हणाली, बाबा, काय काय केलंत ते लिहून ठेवत जा, नाहीतर फोनवर तुम्ही नुसतं "ते बटण दाबलं" म्हणता आणि मी इकडे डोकं धरून बसते. म्हणून ही वही. पाणीखात्यातून निवृत्त होताना कोरे राहिलेले कागद घरी आणून शिवले होते, त्यांचीच. प्रत्येक पानावर "गळती नोंद" असं छापलेलं आहे. असू दे. विषय तोच आहे.

तर नोंद अशी. आज सकाळी लेकीने तिच्या घरी बसून माझ्या घरातलं वायफाय तपासलं. तिला यादीत पाच वस्तू दिसल्या. माझा फोन, माझा टॅब, टीव्ही, पुढच्या खोलीतला कॅमेरा, आणि पाचवी एक, जिच्यापुढे नुसतं "अनोळखी" लिहिलेलं.

"बाबा, पाचवं कोण?"

"मी एकटाच आहे गं."

"म्हणूनच विचारतेय."

कॅमेरा तिनेच बसवला, मी न्हाणीघरात घसरलो त्यानंतर. मी पेपर वाचताना तिला तिकडे दिसतो. आता तिला धास्ती ही, की तो पाचवाही मला बघत असेल. मी म्हटलं, बघू दे, बघण्यासारखं काय उरलंय. ती हसली नाही. म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत हे निस्तरलं नाही, तर मी येते, घराला कुलूप लावते आणि तुम्हाला घेऊन जाते. आणि ह्यात कविता नको."

घराला कुलूप. दुपारपासून ह्या खुर्चीवरून उठून त्या खुर्चीवर बसतोय. कॅमेऱ्यावर टोपी घातली. पाच मिनिटांत फोन. "बाबा, टोपी काढा."

मंगळवार, ४

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गळत्या शोधल्या. रस्त्याखालच्या नळाला लोखंडी काठीचं एक टोक लावायचं, दुसरं कानाला. सांडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, चोरून वळवलेल्या पाण्याचा वेगळा. चोरटं पाणी जरा घाईत असतं. अशा किती जोडण्या पकडल्या त्याची गणती नाही. आणि आता माझ्याच घरातून कोणीतरी काहीतरी वळवून नेतोय आणि माझ्या काठीला ऐकू येत नाही, कारण त्याला नळच नाही.

राउटर मधल्या खोलीत आहे, बुजवलेल्या दाराच्या कोनाड्यात. हे दार पूर्वी पलीकडे उघडायचं. पलीकडचा म्हणजे माझा धाकटा भाऊ. घर एकच होतं, वडिलांमागे दोन झालं, पण दार होतं. सहा वर्षांपूर्वी त्याने वडिलांची तारयंत्राची पितळी कळ रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली, मला न विचारता. मी गवंडी बोलावला. तेव्हापासून बोलणं नाही. आमची ही होती तोवर तिचं आणि धाकट्या जावेचं गुपचूप चालायचं, बाल्कनीतून वाट्या इकडून तिकडे जायच्या. ही गेली, तेही थांबलं.

विषयांतर झालं. पासवर्ड बदलला. पहिला हिनेच ठेवला होता. राउटर बसवणाऱ्याने विचारलं, काय ठेवू, तर ही म्हणाली, दिवसभर ह्यांच्या तोंडी असतं तेच ठेवा. म्हणजे गुरुजींच्या कवितेची पहिली ओळ: "नाव निघाली पैलतिराला". आता मी दुसरी ओळ ठेवली: "वल्हे एकच, बसले दोन". इंग्रजी अक्षरांत, आणि तीही वडिलांच्या पद्धतीने. वडील तारघरात होते. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत तारेने जायचा तेव्हा ते मधले सगळे "ए" गाळायचे आणि म्हणायचे, शहाण्याला व्यंजनं पुरतात. घरातल्या चिठ्ठ्याही तशाच. परक्याने वाचायला घेतलं तर जिभेला गाठ पडेल.

शिवाय कविता कुठल्या पुस्तकात नाही. गुरुजींनी स्वतः केलेली, फळ्यावर लिहिलेली आणि दुसऱ्या दिवशी पुसलेली. कोण ओळखणार?

गुरुवार, ६

दोन दिवस अनोळखी नाही. लेक म्हणाली, शाब्बास. मी इयत्ता दुसरीत असल्यासारखा सुखावलो.

चार वाजता भिंतीपलीकडे पोपट सुरू झाला. हे लिहायचं राहिलं होतं, पलीकडच्याने पोपट पाळलाय. महिना-दीड महिना झाला असेल. एक बाई त्याला शिकवते. आवाज धाकटीचा नाही, कोणी शिकवणारी असावी. "पाणी," ती म्हणते. पोपट म्हणतो, "पा." ती म्हणते, "दार." पोपट गप्प. मठ्ठ दिसतो. माझ्या लहानपणी आमच्या शाळेसमोरच्या सायकल दुकानातला पोपट आठवड्यात शिव्या शिकला होता. पण बाईची चिकाटी मानली पाहिजे. एकदाही चिडत नाही.

पलीकडचा स्वतः दिसत नाही हल्ली. पूर्वी संध्याकाळी पायरीवर बसायचा, मी गेलो की पेपर तोंडापुढे धरायचा. आता पेपरही नाही. माझं तोंड बघायचं नसेल. न बघो.

शुक्रवार, ७

आला. काल चारला आला आणि पावणेपाचला गेला. आजही तेच. लेकीच्या फोनमध्ये वेळा दिसतात. "बाबा, हा अगदी ड्यूटीवर आल्यासारखा येतो," ती म्हणाली.

मी तीनदा विचार केला. पासवर्ड मी मोठ्याने म्हटला का? कॅमेऱ्यासमोर लिहिला का? ही वही कोणी पाहिली का? वही उशाखाली ठेवली. मग उशाखालून काढून पिठाच्या डब्यामागे. मग आठवेना कुठे ठेवली.

शनिवार, ८

वरच्या भाडेकरूवर माझा संशय. पन्नाशीचा गृहस्थ, घरूनच काम करतो, डोक्यावर दोन वाट्या लावून खोलीत फेऱ्या मारतो. ह्याच्यासारख्याला दुसऱ्याचं वायफाय फोडणं म्हणजे शेंग फोडणं. जिन्यात गाठला.

"तुम्ही चार वाजता काय करता?"

"चार वाजता? झोपतो. का हो?"

"रोज?"

"पहाटे पाचला उठून कामाला बसतो, काका. दुपारी झोपलो नाही तर मरेन." मग म्हणाला, "खाली काही आवाज येतो का माझा? घोरतो मी, बायको म्हणायची."

बायको म्हणायची. हा भूतकाळ मला जिन्यातच कळला आणि मी काहीबाही बोलून खाली आलो. चौकशी करताना पूर्वी माझ्या हातात खात्याचा कागद असायचा. कागद नसला की माणूस नुसता भोचक दिसतो.

सोमवार, १०

लेकीने कंपनीत तक्रार केली, त्यामुळे आज जोडणीवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडाचा पट्टाही चालू. राउटर पाहून म्हणाल्या, "आजोबा, ह्याचं आतलं कुलूप अजून कारखान्यातलंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पुढचं दार बदलत बसलात आणि तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लोंबतेय. एक पासवर्ड आत यायचा असतो, दुसरा ह्या डब्याच्या पोटात शिरायचा. हा दुसरा सगळ्या डब्यांना सारखाच देतात. बदला म्हणून सांगतात. कोणी बदलत नाही."

त्यांनी तो बदलायला लावला. पाठीमागचं एक बटण, जे दाबलं की कोणालाही न विचारता आत घेतं, ते बंद केलं. डब्याच्या आतलं काहीतरी जुनं होतं ते नवं केलं. वीस मिनिटं दिवा नारिंगी. मग म्हणाल्या, आता नवा पासवर्ड टाका, मी तिकडे बघते. आणि खरंच बुजवलेल्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तिसरी ओळ टाकली. "एक म्हणाला, पाणी शिरले".

"लांब ठेवलात का?"

"एक अख्खी ओळ आहे."

"कसली ओळ?"

मग मी सांगितलं. एकशिक्षकी शाळा, चारही इयत्ता एका खोलीत, पहिलीची पोरं पुढे आणि चौथीची खिडकीशी. गुरुजी छडीने टेबलावर ताल धरायचे. नाव, नदी, दोन माणसं, एक वल्हं. बाईंनी पेचकस खाली ठेवला. ऐकून म्हणाल्या, "आणि चौथी ओळ?"

तिथेच तर गाडं अडतंय. चौथी मला आठवत नाही. शेवटी प्रश्न होता एवढं आठवतं. आणि ती म्हणताना अख्खा वर्ग हसायचा. ही असती तर तिला विचारलं असतं. तिला माझ्यामुळे पाठ होती.

"बरं झालं आठवत नाही," बाई म्हणाल्या, "नाहीतर पुढच्या वेळी तीच ठेवली असतीत. पासवर्ड असा ओळीने ठेवतात का कोणी? आणि कुठे लिहून ठेवू नका."

मी वहीवर पेपर सरकवला.

गुरुवार, १३

तीन दिवस कोणी नाही आलं. आज चारला आला.

दोन ओळी पुढे गेलो आणि तो मागोमाग. हा कोण आहे जो माझ्या डोक्यात बसलाय? खिडक्या लावून घेतल्या. मग गुदमरायला झालं म्हणून उघडल्या. समोरच्या शिंप्याच्या दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक फोन कानाला लावून उभं होतं. मी पडद्याआडून त्याच्याकडे आणि शिंपी माझ्याकडे बघत राहिला.

गुरुजींची त्या वर्षीची पोरं एकूण तेवीस. वहीच्या मागच्या पानावर यादी केली. एकोणीस नावांपुढे फुली मारावी लागली. दोघे परदेशी मुलांकडे, त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही म्हणतात. एक मी. बावीस झाले. तेविसावा कोण ते काही केल्या आठवेना. पहिलीच्या रांगेत, अगदी पुढे बसणारा कोणीतरी. कंटाळून वही मिटली.

पोपट आज एक शब्द पूर्ण बोलला. "पाणी." पलीकडे टाळ्या वाजल्या. माझं इथे काय चाललंय आणि ह्यांना पोपटाचं कौतुक.

शुक्रवार, १४

जोडणीवाल्या बाई पुन्हा. ह्या वेळी बोलल्या नाहीत फार. यादी पाहिली, वेळा पाहिल्या.

"फोडून नाही आलाय हा. पासवर्ड टाकून आलाय, तोही दुसऱ्याच झटक्यात बरोबर. आजोबा, हा कोणाला माहीत आहे?"

"हयात असलेल्या कोणाला नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. "तुमच्याशी भांडण आहे कोणाचं?"

"भांडण असलेला माणूस कशाला माझ्या दारात येईल?"

"हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, जाऊ दे, पासवर्डाच्या भानगडीत पडायलाच नको. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक क्रमांक असतो. अनोळखीचा क्रमांक घेऊन त्याला दाराबाहेरच अडवायचा. मग त्याला चारही वेद पाठ असले तरी आत यायचं नाही. एक बोट लावलं, यादीत अनोळखीपुढे लाल गोल आला.

"इथे हा लाल गोल आहे, बघून ठेवा. पुन्हा बोट लावलं की निघतो. पण लावू नका."

रविवार, १६

काल नाही. आज नाही. लेक फोनवर मोकळी हसली, बऱ्याच दिवसांनी. "बाबा, जिंकलात." नातीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, कुलूप? ती म्हणाली, कसलं कुलूप, राहा आता तुमच्या महालात.

जिंकलो. संध्याकाळी पाय मोकळे करायला गेलो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. का आलो ते कळलं नाही.

सोमवार, १७

पोपट बंद आहे.

बुधवार, १९

पोपट अजून बंद. शनिवारपासूनच आवाज नाही, आता आठवलं. चार वाजले की मी आपला घड्याळाकडे बघतो. चारला आवाज यायचा त्याची सवय लागली होती म्हणायची. मेला की काय? की शिकत नाही म्हणून देऊन टाकला? पलीकडचा देऊन टाकण्यात पटाईत आहे.

काहीच घडत नाहीये आणि मला स्वस्थता नाही. तीनदा यादी उघडली. चार नावं, सगळी ओळखीची. पाचव्यापुढे लाल गोल. पूर्वी चोरटी जोडणी कापली की मी त्या रात्री गाढ झोपायचो. एकदा मात्र कापल्यावर त्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी खात्यात आली होती. काही बोलली नाही. रिकामी घागर टेबलावर ठेवली आणि गेली. साहेब म्हणाले, नाटकं. मी ती घागर संध्याकाळी तिच्या दारात नेऊन ठेवली, पण भरून न्यायचं सुचलं नाही.

आज हे का आठवावं.

शुक्रवार, २१

चारच्या सुमारास खिडकीशी गेलो. खाली धाकटी, माझ्या बाजूच्या पायऱ्यांवर उभी. हातात फोन, हात वर केलेला, जसं कोणी दिवा धरावा. फोन इकडे नेते, तिकडे नेते, बघते. मला पाहिलं. हात खाली घेतला. वर्षभरात किती वाळली आहे. काही बोलेल असं वाटलं. "काही हवंय का" एवढं मी म्हणू शकलो असतो. खिडकीचा पडदा सारखा करत राहिलो. ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवार, २२

काठी काढली. माळ्यावरून, फडक्यात गुंडाळलेली. गंज चढलाय पण सरळ आहे. स्वतःला सांगितलं, पोपट आहे की नाही एवढंच बघायचं.

चार वाजता राउटर कोनाड्यातून बाजूला केला, काठीचं टोक बुजवलेल्या दाराच्या विटेला लावलं, दुसरं कानाला. पहिल्यांदा माझ्याच रक्ताचा आवाज. मग धाकटी.

"म्हणा ना. पाणी."

काही नाही.

"मागच्या आठवड्यात यायचं की हो तुम्हाला. बाई नाहीत तर काय झालं, मी आहे ना? पाणी म्हणा."

खुर्ची सरकल्याचा आवाज. एक घोगरा, ओला, अडलेला स्वर. शब्द नव्हेच तो. मग धाकटी थकलेल्या आवाजात म्हणाली, "बरं. तुमचं ते म्हणा. तेवढं तरी म्हणा."

आणि मग, अडखळत, पण ताल धरून, पहिलीच्या रांगेतून, अगदी पुढून:

"नाव निघाली पैलतिराला, वल्हे एकच, बसले दोन."

काठी हातातून पडली. विटेचा टवका गेला.

पोपट नव्हता.

रविवार, २३

लेकीच्या फोनला "डोकं दुखतंय" म्हणालो. माझ्या पायऱ्या उतरल्या की पलीकडे सहा पायऱ्या त्यांच्या आहेत. दोनदा उतरलो. दोनदा वर आलो.

यादीत तेविसावं नाव लिहिलं.

सोमवार, २४

गेलो. जसं झालं तसं लिहितो.

लाल गोल काढायला जमेल की नाही ह्या भीतीने टॅबच काखेत मारला होता. दार धाकटीने उघडलं. "या" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. बाजूला झाली.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"तुम्ही लेकीकडे होता तेव्हा. ताईंना जाऊन महिना नव्हता झाला, भाऊजी. झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून आलो तर तुम्ही परत आला होतात, पण तुमचा चेहरा बघवत नव्हता. आणि ह्यांनी हाताने सांगितलं, नको. तुम्हाला नाही कळवायचं."

"मला भिंतीतून ऐकू यायचं."

"मग?"

"मला वाटलं पोपट आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बाहेर काढणार. तिच्या तोंडून एक विचित्र आवाज आला आणि मग कळलं की ती हसतेय, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी. "पोपट," म्हणाली. "अहो, ऐकलंत का? दादा म्हणतात, पोपट."

तो खिडकीशी खुर्चीत होता. गालाची एक बाजू खाली आलेली, एक बाजू तीच, लहानपणीची, लबाड. त्या बाजूने तो हसला.

मग बाकीचं कळलं. वायफाय आमच्या हिनेच दिलं होतं. चिठ्ठी अजून त्यांच्या साखरेच्या डब्यात आहे, हिच्या अक्षरात, पहिली ओळ. "ताई म्हणाल्या, भिंतीतून फुकट सांडतंय, घे तू," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या गावच्या एक बाई आहेत, बोलायला शिकवतात, फोनवर समोर बसून. रोज चार ते पावणेपाच. तुमच्या वायफायवर. चोरी म्हणायची तर म्हणा."

"पण दुसरी ओळ? तिसरी?"

"पासवर्ड बदललात तेव्हा मी कपाळाला हात लावला. ह्यांना पाण्याला पाणी म्हणता येत नाही, ह्यांना काय विचारणार? पण त्या बाई सांगतात, लहानपणचं पाठांतर वेगळ्या कप्प्यात असतं, तो कप्पा शाबूत राहतो. मी सहज चिठ्ठी वाचून दाखवली, तर हे पुढची ओळ म्हणून मोकळे. म्हटलं, टाकून तर बघू."

"आणि स्पेलिंग?"

"चाळीस वर्षं ह्यांच्या हातच्या याद्या घेऊन बाजारात जातेय मी. तुमच्या वडिलांची इंग्रजी माझ्याइतकी कोणाला येत नसेल."

मग म्हणाली, "दुसऱ्यांदा बदललात ना, तेव्हा हे हसले. आजारपणात पहिल्यांदा. ह्यांना वाटलं तुम्ही मुद्दाम एकेक ओळ पुढे जाताय. ह्यांच्याशी खेळताय. रोज चार वाजता हे तयार होऊन बसायचे, केस विंचरून. मग पंधरा तारखेला, शनिवारी, आत घेईना. मी सांगितलं, दादांनी पुन्हा बदललाय. हे खूश. चौथी ओळ टाकली. नाही घेतली. पुन्हा टाकली. किती वेळा टाकली ते मोजलं नाही."

"मी अडवलं होतं," मी म्हटलं. "क्रमांक घेऊन." आणि मग, एवढं तरी सांगायलाच हवं म्हणून, "चौथी मला आठवतच नव्हती रे."

हे मी तिला नाही, त्याला म्हणालो. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही आठवत नाही म्हणून सांगणारं.

त्याचे डोळे मोठे झाले. पहिलीतला पोरगा चौथीतल्याला चुकताना पकडतो तेव्हा होतात तसे. डावा हात उचलला, थांब म्हणून. ओठ जुळवले. "उप," म्हणाला. "उपसत राहू." मग अडला. "बु." कपाळावर शीर फुगली. "बु. बु." धाकटी पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि गुरुजी छडीने धरायचे तो ताल त्याच्या गुडघ्यावर धरला. एकदा. दोनदा. पहिल्यापासून, दोघं मिळून. नाव निघाली पैलतिराला. वल्हे एकच, बसले दोन. एक म्हणाला, पाणी शिरले.

मी थांबलो. माझ्याकडे ती ओळ नव्हतीच.

"उपसत राहू," तो म्हणाला, "बुडतो कोण?"

वर्ग का हसायचा ते आठवलं. हा "कोण" म्हणताना गुरुजी पुढच्या रांगेकडे बोट करायचे आणि पहिलीची पोरं ओरडायची, "मी नाही, मी नाही."

पितळी कळीचा विषय कोणीच काढला नाही. लाल गोलावर बोट लावलं. निघाला.

मंगळवार, २५

जोडणीवाल्या बाईंना फोन.

"चोर सापडला म्हणता? मग तक्रार द्यायची का?"

"तक्रार त्याने द्यायला हवी."

मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला, भांडण आहे का कोणाशी." मग कामाला लागल्या. राउटरला पाहुण्यांचं वेगळं दार असतं म्हणे. त्या दारातून आलेल्याला वायफाय मिळतं, पण माझा कॅमेरा, माझा टॅब दिसत नाही. तासभर फोनवर सांगत होत्या, हे दाबा, आता हे, नाही ते नाही. एकदा मी सगळंच बंद केलं. पलीकडून धाकटीने भिंतीवर थापटलं. मी उलट थापटलं, थांब म्हणून.

ह्या डब्याची जागाही बाई बदला म्हणत होत्या, भिंतीपासून लांब, घराच्या मधोमध, म्हणजे बाहेर कमी सांडेल. म्हटलं, आहे तिथेच बरा आहे.

रविवार, ३०

लेकीचा फोन. यादी उघडूनच बसली होती.

"बाबा, पुन्हा पाच. आणि पाचव्याचं नाव काय लिहिलंय हे? 'पोपट'?"

"तुझा काका."

मग तिने विचारलं, "बोलता तुम्ही?"

"मी बोलतो. तो शिकतोय."

सगळं सांगितलं. ती मधे एकदा नाक ओढायला थांबली. शेवटी म्हणाली, "मी आजच तिकिटं काढणार होते. येऊ की नको?"

"ये की. न्यायला नको, नुसती ये. आणि येताना गवंड्याचा नंबर शोधून आण. आपला जुना मेला."

तिने विचारलं, नवा पासवर्ड तरी नीट ठेवलात ना, की आता चौथी ओळ? ठेवली नाही. कोणती ठेवली ते ह्या वहीतही लिहिणार नाही; बाईंनी बजावलंय. पण चौथी ओळ ठेवून उपयोगच नव्हता. रोज चार वाजता तो ती इतक्या मोठ्याने म्हणतो की समोरच्या शिंप्यालाही पाठ झाली आहे.